पंचनाम्यात हॅश आहे का?

प्रश्न : फसवणुकीच्या गुन्ह्यात पोलिसांनी माझ्या धाकट्या भावाचा लॅपटॉप आणि मोबाइल जप्त केला. पंचनाम्यात मॉडेल आणि आयएमईआय नंबर आहे, बाकी काही नाही. मधल्या काळात कुणी त्यात काही घुसवलं तर? शिवाय त्याने डिलीट केलेले मेसेज परत मिळतात का? – एक वाचक, सांगली

उत्तर : भावाने काय केलं ते न्यायालय बघेल, मी यंत्रांपुरतं सांगते. न्यायवैद्यक लॅबमध्ये असताना मुद्देमाल हातात आला की मी आधी लाखेचं सील बघायची, मग पंचनाम्यात हॅश शोधायची. बहुतेक वेळा नसायचाच.

हॅश म्हणजे डिस्कवरच्या सगळ्या डेटावरून गणिताने काढलेली खूण. एसएचए-२५६ पद्धतीत ती ६४ अक्षरांची येते. एका फाइलमधला स्वल्पविराम जरी बदलला तरी सगळी खूण पालटते. लॅपटॉपच्या डिस्कला राइट ब्लॉकर लावतात, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जात नाही, आणि बिटन् बिट प्रत काढतात. दोन्हींचा हॅश जुळला की तपासणी प्रतीवर, मूळ डिस्क परत सीलबंद.

पण जप्तीच्या वेळी हॅश घेतला नसेल, तर प्रत काढण्याआधी काय घडलं हे तो सांगू शकत नाही. तुमच्या वकिलांनी नेमकं इथे बोट ठेवावं : प्रत कधी काढली, तोवर मुद्देमाल कुणाकडे होता, सील कुणी उघडलं? जप्ती १ जुलै २०२४ नंतरची असेल तर झडतीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, तेही मागा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावाच लागतो. असं प्रमाणपत्र सक्तीचं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या पुरावा कायद्याखाली २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक खटल्यातच स्पष्ट केलं होतं.

मोबाइलचं वेगळं. तपासायला तो बहुधा चालू करावा लागतो आणि चालू केला की आतल्या काही नोंदी बदलतात. तेवढ्यावरून छेडछाडीचा आरोप करू नका (काही वकील करतात, आणि उलटतपासणीत वेळ जातो).

पुसलेल्या मेसेजची जागा डेटाबेसमध्ये ‘रिकामी’ ठरते, त्यावर नवी नोंद येईपर्यंत मजकूर कधी कधी सापडतो. एसएसडीवरून (नव्या लॅपटॉपमधल्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कवरून) पुसलेली फाइल मात्र बहुतेकदा गेलीच. तरी भावाला निश्चिंत राहू देऊ नका : तेच मेसेज समोरच्याच्या फोनमध्ये किंवा बॅकअपमध्ये असतात, आणि तपास अधिकारी आधी तिथेच जातात.