खिशातला की खांद्यावरचा?

प्रश्न : ताई, नमस्कार. इतकी वर्षं मोबाइलवरच फोटो काढत आले, आता कॅमेरा घ्यायचं ठरवलंय. मी कामावर चालत जाते. वाटेत दिसणारी माणसं, अर्धवट उघडी दारं, भिंतीवर सरकणारं ऊन हे टिपायला मला आवडतं. भाची नाच शिकते, तिचे अधूनमधून कार्यक्रम असतात, तेही काढायचे असतात. ओळखीतले सगळे सांगतात, 'घ्यायचाच तर डीएसएलआर घे, त्या छोट्या डबीत काय आहे!' पण एवढा मोठा कॅमेरा रोज गळ्यात घालून फिरणं मला जमेल असं वाटत नाही. बाजूला काढलेल्या पैशांत किट लेन्ससह साधा डीएसएलआर येईल, नाहीतर एखादा बऱ्यापैकी कॉम्पॅक्ट. काय घेऊ?

उत्तर : कॉम्पॅक्ट घ्या. पण त्यातही एक इंची म्हणतात तो सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) असलेलाच घ्या. हा सल्ला मी सगळ्यांना देत नाही, तुमच्या पत्रातल्या 'कामावर चालत जाते' या शब्दांमुळे देते आहे. तुमचे फोटो रोजच्या वाटेवर आहेत, तेव्हा कॅमेराही रोज त्या वाटेवर असायला हवा.

'छोट्या डबीत काय आहे' याचं उत्तर आधी देते, कारण हाच प्रश्न तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारला जाणार आहे. कागद, पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसा. पहिला चौकोन काढा साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये बहुतेक वेळा एवढाच सेन्सर असतो. शेजारी १३.२ बाय ८.८ चा काढा, हा एक इंची सेन्सर. (नावात इंच असला तरी त्याची कुठलीच बाजू इंचभर नाही. हे माप जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळ्यांवरून चालत आलं आहे.) तिसरा २३.५ बाय १५.६ चा, हा निकॉनच्या नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरमधला. कॅननचा याहून किंचित लहान असतो. आता तिन्हींकडे एकदम बघा. पहिल्याला तर सरळ फुली मारा. आजच्या चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातही त्याहून मोठा सेन्सर असतो. लांबच्या झूमसाठी कुणाला तो कॅमेरा हवा असेल तर गोष्ट वेगळी, तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

उरले दोन. तिसरा चौकोन दुसऱ्याच्या तिप्पट मोठा आहे, आणि तुमच्या ओळखीतले लोक इथेच थांबतात. सेन्सरवर प्रकाश पोचवते लेन्स, तिच्याबद्दल कुणी विचारतच नाही. डीएसएलआरबरोबर येणारी १८-५५ ची किट लेन्स जास्तीत जास्त एफ ३.५ पर्यंत उघडते, तीही झूम पूर्ण आत असताना. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं.) सोनी आरएक्स१०० मालिकेतल्या पहिल्या पाच कॅमेऱ्यांत किंवा कॅनन जी७एक्समध्ये लेन्स त्याच टोकाला एफ १.८ पर्यंत उघडते. एफ १.८ आणि एफ ३.५ मधला फरक आकड्यांवरून किरकोळ वाटतो, पण सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर पडणारा प्रकाश जवळजवळ पावणेचार पट होतो. म्हणजे डीएसएलआरने मोठ्या सेन्सरवर जे कमावलं ते किट लेन्सने घालवलं. वाइड टोकाला, म्हणजे झूम आत असताना, अंधुक प्रकाशात हे दोन्ही कॅमेरे बरोबरीत येतात, किंबहुना कॉम्पॅक्ट केसभर पुढे राहतो. झूम बाहेर काढल्यावर काय होतं ते मॉडेलवर अवलंबून आहे. २०१२ चा पहिला आरएक्स१०० लांबच्या टोकाला एफ ४.९ पर्यंत मिटतो आणि तिथे मागे पडतो. २०१४ चा आरएक्स१०० मार्क ३ त्या टोकालाही एफ २.८ वर राहतो आणि किट लेन्सच्या एफ ५.६ ला टिकून असतो. त्यामुळे कॉम्पॅक्ट बघताना मेगापिक्सेल विचारत बसू नका. लेन्सच्या कड्यावर बारीक अक्षरांत १.८-२.८ लिहिलंय की १.८-४.९, ते वाचा.

डीएसएलआर मोठा का असतो तेही सांगते, म्हणजे 'पुढे लहान आकाराचा येईल' ही आशा उरणार नाही. लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा असतो, तो वर उचलला जायला जागा लागते. निकॉनमध्ये लेन्स बसते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर ठरलेलं आहे, कॅननमध्ये ४४. त्याच्यापुढे आणखी लेन्स. निकॉन डी३५०० हा या जातीतला सगळ्यात हलक्या कॅमेऱ्यांपैकी एक, तरी बॅटरी, कार्ड आणि किट लेन्स धरून तो सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास जातो. वजनाचं एक वेळ चालेल, पण तो कुठल्याही खिशात जात नाही. बॅग उघडा, कॅमेरा काढा, झाकण काढा, एवढं होईपर्यंत भिंतीवरचं ऊन तिथेच असेल, दारातला माणूस मात्र आत गेलेला असेल.

आणि माणसांचे फोटो काढायचे तर लहान कॅमेऱ्याचा आणखी एक फायदा आहे, माझ्या मते सगळ्यात मोठा. समोरचा माणूस अवघडत नाही. जपानी छायाचित्रकार दाइदो मोरियामा यांनी रस्त्यावरचं कितीतरी काम रिको जीआर या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांवर केलं आहे. भाचीचा नाच यादीत नसता तर मी तुम्हाला रिको जीआर ३ च सुचवला असता. त्यात डीएसएलआरएवढा सेन्सर आहे आणि वजन २५७ ग्रॅम. पण त्याची लेन्स एकच, २८ मिमीच्या रुंद दृश्याची. झूम नाही. रंगमंचावरची मुलगी त्यात ठिपक्याएवढी दिसेल.

आता त्या नाचाकडे येते. रंगमंचाचे फोटो हे माझं रोजचं काम, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. हलत्या माणसावर फोकस धरण्यात डीएसएलआर खरोखरच सरस. शटरचं बटण अर्धं दाबलं की मुख्य आरशातून थोडा प्रकाश आरपार जातो, मागच्या छोट्या आरशावरून खाली वळतो आणि तळाशी बसवलेल्या फोकसच्या यंत्रणेवर पडतो. लेन्स कुठल्या बाजूला आणि किती फिरवायची, हे त्या यंत्रणेला एका झटक्यात कळतं. बऱ्याच कॉम्पॅक्टमध्ये ही सोय नसते. त्यांची लेन्स पुढेमागे होत चाचपडते, सगळ्यात स्पष्ट चित्र कुठे मिळतं ते शोधते आणि मग थांबते. तेवढ्या वेळात नर्तकी गिरकी घेऊन पाठमोरी झालेली असते. आरएक्स१०० मार्क ५ पासून, म्हणजे २०१६ पासून, सोनीने या मालिकेत सेन्सरवरच तशी वेगवान यंत्रणा बसवायला सुरुवात केली. पैसे पुरत असतील तर तो बघा. नसतील पुरत, तर मार्क ३ वरही काम होतं, फक्त नाच बघायची सवय लावून घ्यावी लागते.

ती अशी. कार्यक्रमाआधीची रंगीत तालीम गाठा आणि पुढच्या रांगेत बसा. शटर १/२५० सेकंदावर ठेवा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता) ३२०० पर्यंत जाऊ द्या, फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. मागचा पडदा काळा असतो, त्याला कॅमेरा फसतो. सगळं दृश्यच अंधारं आहे असं समजून तो चेहरा पांढराफटक करून टाकतो. म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) एक पायरी खाली ओढा, उणे १ वर. मग हाताकडे बघत बसा. प्रत्येक हालचालीच्या टोकाला हात क्षणभर थांबतो, पाय टेकतो, मान वळून स्थिर होते. बटण आधीपासून अर्धं दाबून ठेवा आणि तो थांबा आला की पूर्ण दाबा. शांत तालमीत डीएसएलआरच्या आरशाची खटखट तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाते. कॉम्पॅक्टचं शटर लेन्सच्या आतच असतं, त्याचा आवाज शेजारच्यालाही कळत नाही. नाचणाऱ्या मुलीचं लक्ष विचलित झालं नाही, तर तुम्हाला मिळणारा चेहराही वेगळा असतो.

कॉम्पॅक्टच्या उणिवा लक्षात ठेवा. बॅटरी लवकर संपते. सीपा या जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या मापाने डी३५०० एका चार्जमध्ये १५५० फोटो काढतो, आरएक्स१०० मार्क ३ फक्त ३२०. जादा बॅटरी जवळ ठेवावीच लागेल. भर उन्हात मागचा स्क्रीन नीट दिसत नाही, म्हणून व्ह्यूफाइंडर असलेलं मॉडेल घ्या. मार्क ३ मध्ये तो वर उघडणारा आहे. अंग गुळगुळीत असतं, त्यामुळे मनगटाची दोरी कधीच काढू नका. आणि किल्ल्या, रुमाल असलेल्या खिशात तो नुसता टाकू नका. बाहेर येणाऱ्या लेन्सबरोबर धूळ आत ओढली जाते, सेन्सरवर बसली की घरी काढता येत नाही, कॅमेरा दुरुस्तीला द्यावा लागतो. पातळ कापडी पाऊच पुरेसा आहे.

प्रश्न : माझ्याकडे काही वर्षांपूर्वी घेतलेला डीएसएलआर आहे, किट लेन्ससह. कपाटात पडून असतो. घरात दोन लहान मुलं आहेत, पण रात्री दिव्याच्या उजेडात त्यांचे फोटो हललेलेच येतात, मोबाइलवर त्याहून बरे येतात. विकून कॉम्पॅक्ट घ्यावा म्हणतो.

उत्तर : थांबा, विकू नका. वरच्या बाईंना मी डीएसएलआर नको म्हटलं ते त्यांना तो रोज वाटेवर नेणं जमणार नव्हतं आणि त्यांच्या पैशांत किट लेन्सच्या पुढे जाता येणार नव्हतं म्हणून. तुमच्याकडे बॉडी आहेच, लेन्स तेवढी बदला.

किट लेन्स ५० मिमीच्या आसपास नेली की तिचं अपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं तोंड, जेमतेम एफ ५.६ राहतं. समजा त्या उजेडात तुम्हाला शटर १/२० सेकंद मिळतंय. खेळणारं मूल १/२० ला हलणारच, कॅमेरा कितीही महागडा असला तरी. तिथेच ५० मिमी एफ १.८ लावली तर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो आणि तोच फोटो १/२०० ला निघतो. उडी मारलेलं मूल हवेतच स्थिर दिसेल. मागचं कपाट, पडदे, पसारा सगळं विरघळून जाईल. हे एक इंची कॉम्पॅक्टला जमत नाही. डीएसएलआरची खरी ताकद इथे आहे, आणि ती न बघताच लोक कॅमेरा कपाटात ठेवून देतात याचं मला फार वाईट वाटतं.

लेन्स ३५ मिमीची घ्यायची की ५० ची? किट लेन्सचं झूमचं कडं ३५ वर आणा, चिकटपट्टी लावून टाका आणि आठवडाभर तसेच फोटो काढा. पुढच्या आठवड्यात ५० वर चिकटवा. लहान खोलीत ५० मिमीने पाठ भिंतीला टेकते तरी मूल फ्रेममध्ये मावत नाही, असा अनुभव आला तर ३५ घ्या. निकॉनचा डी३००० किंवा डी५००० मालिकेतला कॅमेरा असेल तर लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेलं आहे ना, ते बघा. या बॉडीत फोकसची मोटर नसते, एएफ-एस लेन्समध्ये ती असते; जुनी एएफ-डी लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागेल. कॅननला हा प्रश्न नाही, त्यांची ५० मिमी एफ १.८ एसटीएम डोळे झाकून घ्या. एफ १.८ वर फोकसची जाडी फार कमी असते, तेव्हा फोकसचा बिंदू स्वतः निवडा आणि मुलाच्या जवळच्या डोळ्यावर ठेवा. कॅमेऱ्यावर सोडलंत तर तो नाकाचा शेंडा नाहीतर शर्टाचं बटण धरेल.

प्रश्न : सगळे मिररलेसकडे (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) वळलेत. अशा वेळी सेकंडहँड डीएसएलआर घेतला तर चालेल का? घेताना काय तपासावं?

उत्तर : शिकण्यासाठी घेत असाल तर खुशाल घ्या. २०२० नंतर निकॉन आणि कॅनन दोघांनीही नवा डीएसएलआर आणलेला नाही हे खरं आहे. पण निकॉनचा लेन्स बसवायचा साचा १९५९ पासूनचा आणि कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा, त्यामुळे वापरलेल्या लेन्स भरपूर मिळतात.

तपासताना घाई करू नका. अपर्चर एफ १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. राखाडी ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. फुंकणीने जाणारी असेल तर काळजी नाही, पण तेलकट डाग असतील तर साफसफाईचा खर्च धरा. लेन्स पूर्ण उघडून उजेडासमोर तिरकी धरा. आत जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नका. शटर किती वेळा उघडलंय तो आकडा विचारा. निकॉनमध्ये तो फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. डी३५०० चं शटर एक लाख क्लिकसाठी तपासलेलं आहे, त्यावरून अंदाज घ्या. बॅटरीचं झाकण, कार्डाची खाच आणि फ्लॅश चालतो का, हेही जागेवरच बघून घ्या.

पुढे मिररलेसवर जायचा विचार असेल तर आजच लेन्स जपून निवडा. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून त्यांच्या नव्या आरएफ कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्सही त्यांच्या झेड कॅमेऱ्यांवर एफटीझेड अडॅप्टरने चालतात, पण एएफ-डीचा ऑटोफोकस त्या अडॅप्टरवर बंद होतो. स्वस्तात मिळते म्हणून एएफ-डी घेणार असाल तर हे आधी लक्षात घ्या.