स्पाइसबॉम्ब परफ्यूम घ्यावा की स्पाइसबॉम्ब एक्स्ट्रीम? रोज ऑफिसला लावायचा आहे, राहायला ठाण्यात.

रोजच्यासाठी साधा स्पाइसबॉम्ब (2012) घ्या. तो ओ द तॉयलेत, म्हणजे सुगंधी अर्क कमी असलेला हलका प्रकार आहे: आधी बर्गमॉट आणि गुलाबी मिरी, मग दालचिनी, पाप्रिका, केशर, खाली तंबाखू. एक्स्ट्रीम (2015) ओ द पार्फम, म्हणजे जास्त अर्काचा, गडद प्रकार. त्यात काळी मिरी, तंबाखू आणि भरपूर व्हॅनिला. डिसेंबरच्या लग्नात झकास, पण मे महिन्याच्या घामात तोच गोडवा चिकट वाटतो, आणि लोकलच्या गर्दीत शेजाऱ्याला उगाच शिक्षा.

तरी बाटली घेण्याआधी दोन्हींचे 5 मिलीचे डिकँट (मूळ बाटलीतून छोट्या कुपीत भरलेले नमुने) मागवा. दुकानातल्या कागदी पट्टीवर भरवसा नको. तिच्यावर सुरुवातीची मिरीच जास्त कळते, खरा फरक पुढे तंबाखू-व्हॅनिलात आहे. एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरा. चोळायचं नाही. अर्ध्या तासाने हुंगा, मग चार तासांनी.

ऑफिसला दोन फवारे पुरे, एक्स्ट्रीम असेल तर एकच, तोही शर्टाच्या आत छातीवर. नुकतीच दाढी केलेल्या गळ्यावर मारू नका. अल्कोहोल झोंबतं, आणि दालचिनीतलं सिनॅमल्डिहाइड काहींच्या त्वचेला सोसत नाही.