कॉर्न स्नेकची मादी कातीवर आली असताना नर सोडावा का?

शीतकाळ (विणीपूर्वी सापाला दिलेली थंडीतली विश्रांती) संपवून उबेत आणलेल्या आपल्या मादीचे डोळे दुधाळ झाले आहेत, म्हणजे ती कात टाकण्याच्या बेतात आहे, तर मीलनासाठी नर लगेच तिच्या पेटीत सोडावा की थांबावे, असा आपला प्रश्न आहे. थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. या अवस्थेत जुन्या आणि नव्या त्वचेच्या मध्ये द्रव साठलेला असतो, डोळ्यांवरील पारदर्शक खवलाही त्यामुळे धूसर होतो, आणि धड दिसत नसल्याने मादी जरा स्पर्श होताच बिचकते. अशा वेळी नर मागे लागला तर तिला त्रासाखेरीज काही मिळत नाही आणि नवी त्वचा दुखावण्याची भीती राहते. डोळे स्वच्छ झाले म्हणजे कात पडली असेही नव्हे, कारण ती साधारणपणे त्यानंतर ३-४ दिवसांनी पडते.

कात पडल्यानंतरचे पहिले काही दिवस मात्र वाया घालवू नयेत. मादीच्या त्वचेतील स्निग्ध गंधद्रव्ये नर जिभेने टिपून टाळूतील ज्ञानेंद्रियापर्यंत पोहोचवतो, आणि गार्टर सापांमध्ये ही द्रव्ये मिथाइल कीटोन प्रकारची असल्याचे १९८९ मध्ये सिद्ध झाले आहे. नुकतीच कात टाकलेल्या मादीकडे एरवी सुस्त असणारा नरही ओढला जातो, तो यामुळेच. तरीही तो थंड राहिला, तर तिची ताजी कात त्याच्या पेटीत ठेवून पाहावी. अर्थात मादी ३ वर्षांची आणि किमान ३०० ग्रॅम वजनाची नसेल, तर यंदा हा विषयच सोडून द्यावा.

मीलनानंतर पुढच्या कातीची तारीख न विसरता लिहून ठेवा, कारण अंडी घालण्यापूर्वीची ती कात असते आणि तिच्यानंतर बहुधा ८ ते १४ दिवसांत अंडी येतात. ओलसर शेवाळ भरलेला, झाकणाला भोक असलेला डबा त्याआधीच पेटीत ठेवलेला असावा, नाहीतर मादी पाण्याच्या भांड्यात अंडी घालते आणि ती बुडून मरतात. बॉल पायथन (अजगराची एक जात) पाळणाऱ्यांचे वेळापत्रक येथे लागू करू नये. त्यांच्यात बीजांडे सुटल्यानंतर जी कात पडते, तिच्यापासून अंड्यांपर्यंत सुमारे ३० दिवस जातात. शिवाय भरपूर खाणारा साप वाढीमुळेही कात टाकतो, म्हणून शरीराचा मागचा भाग फुगलेला दिसत नसेल, तर केवळ कातीवरून मादी गाभण ठरवू नये.

अंडी घातल्यावर मादी पुन्हा कात टाकते आणि काही जण लगेच दुसऱ्या वीणीसाठी नर सोडतात. मला हे पटत नाही. तिची पाठ सुरकुतलेली आणि कणा उठून दिसत असताना तिला आधी लहान भक्ष्य थोड्या थोड्या दिवसांनी देऊन वजन परत आणावे. पिल्लेही अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण ७ ते १० दिवसांनी पहिली कात टाकतात, तोवर पोटातील बलकावर त्यांचे भागते, त्यामुळे त्याआधी खाऊ घालण्याचा आग्रह धरू नये.