ठाणे खाडीवर पक्षी बघायला पहिल्यांदा जाताय? आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा

दुर्बीण कुठली घ्यावी, ते नंतर. आधी भरतीची वेळ बघ. पूर्ण ओहोटीला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पार लांब चिखलात, नुसते गुलाबी ठिपके. पाणी चढू लागलं की तेच पक्षी चरत चरत काठाकडे सरकतात. तेव्हा हजर असायला हवं. ऐरोलीहून बोटही भरतीच्या हिशेबानेच सुटते. मोठ्या रोहितची चोच गुलाबी, टोक काळं. लहानाची गडद लाल, लांबून काळीच भासते. तुतवार, चिखल्या या चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांची ओळख पहिल्या वर्षी पटणार नाही, चालेल. शेकाट्यापासून सुरुवात कर, त्याचे लांब लाल पाय चुकत नाहीत. आणि फोटोसाठी थवा कधीच उडवू नकोस. दूर उत्तरेला परतायला तुतवार-चिखल्यांना अंगात चरबी साठवायची असते रे.