अमेरिकेचं शुल्क आणि आपला कापूस

भाऊ, तुम्ही विचारलंय की 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं, त्याचा धरणगावच्या कापसाशी काय संबंध? माझी वीस वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या धंद्यात गेली, म्हणून हिशोबच मांडतो.

शुल्क भरतो तिकडचा आयातदार. पण तो लगेच तामिळनाडूतल्या तिरुपूरच्या कपडेवाल्याला फोन करतो, भाव कमी करा. कपडेवाला सूतगिरणीला दाबतो, गिरणी जिनिंगवाल्याला, आणि जिनिंगवाला तुम्हाला. तुम्ही कुणाला दाबणार?

खरा घाव मात्र दिल्लीतून बसला. गिरण्या वाचाव्यात म्हणून सरकारने 19 ऑगस्टपासून आयात कापसावरचं 11 टक्के शुल्क माफ केलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे चोपडा-यावलकडच्या लवकर येणाऱ्या बागायती कापसापासून दिवाळीच्या वेचणीपर्यंत आपला बराच माल बाजारात येतो, नेमका तोच काळ!

आता आकडे बघा. बाहेरची रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, बंदरावर 50,000 रुपये खंडीने पडते असं धरा. 11 टक्के लागले की ती 55,500 होते, आणि तिथपर्यंत आपल्या रुईला चढायला वाव असतो. शुल्क गेलं की हे 5,500 गेले. खंडी 356 किलोची, क्विंटलभर कापसातून रुई निघते 34 किलोच्या आसपास. म्हणजे क्विंटलमागे सव्वापाचशे रुपयांचा वाव गेला. उरलेल्या मालात बहुतेक सरकी. तिथेही मे महिन्यात कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलेलं, त्यामुळे सरकीच्या तेलालाही स्वस्त आयातीशी झुंजायचं होतं.

गिरणीत आपलीच पोरं राबतात, गिरण्यांना मदत हवीच होती. पण ती तिजोरीतून द्यायची, शेतकऱ्याच्या भावातून नाही. हे मी ठामपणे म्हणतो.

अशा वेळी आधार फक्त हमीभावाचा. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाला तो क्विंटलला 8,110 रुपये होता. पण हमीभावाने खरेदी करणारी सरकारी कंपनी सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा घेत नाही आणि आधी नोंदणी मागते. दव असताना वेचलेला कापूस दोन दिवस उन्हात घाला, मगच गाडी भरा. खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन माल घेणारा व्यापारी, दारात नगद मोजतो, पण सौदा करण्याआधी वरचा हिशोब एकदा कागदावर करा.