हॉलिवूडची नटी ऑलिव्हिया डी हॅविलंड करिअर ऐन भरात असताना दोन वर्षं कामाशिवाय का होती?

कारण तिने स्वतःच्याच स्टुडिओला, वॉर्नर ब्रदर्सला कोर्टात खेचलं होतं आणि केस चालू असताना तिला कुणीच काम देत नव्हतं. तेव्हाची पद्धत अशी की नटीने एखादा रोल नाकारला की तिला सस्पेंड करायचे, पगार बंद, वर तेवढे आठवडे काँट्रॅक्टच्या शेवटी जोडायचे, म्हणजे सात वर्षांचं काँट्रॅक्ट कधी संपणार ते स्टुडिओच ठरवणार! ऑलिव्हियाचं मे १९४३ मध्ये संपायला हवं होतं तर तिच्या नावावर २५ आठवडे शिल्लक दाखवले. तिने केस टाकली, तर स्टुडिओचा प्रमुख जॅक वॉर्नरने बाकीच्या स्टुडिओंनाही कळवलं की हिला घेऊ नका. डिसेंबर १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने निकाल दिला की सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं, सस्पेन्शनचे दिवस त्यात वाढवता येणार नाहीत. एवढ्या मोठ्या स्टुडिओसमोर एकटी उभी राहिली, मला तर तिच्या कुठल्याही रोलपेक्षा हे मोठं वाटतं. आणि सुटल्यावर स्वतः निवडलेल्या कामासाठी दोन ऑस्कर मिळाले, 'टू ईच हिज ओन' (१९४६) आणि 'द एअरेस' (१९४९).

फक्त एक, या नियमाला 'डी हॅविलंड लॉ' म्हणतात म्हणून तो कायदा तिच्यामुळे झाला असं समजू नका, सात वर्षांपेक्षा जास्त काळ कुणाला काँट्रॅक्टने बांधून ठेवता येणार नाही हा नियम आधीपासून होता, तिच्या केसने त्याचा अर्थ पक्का झाला आणि तोही कॅलिफोर्नियापुरताच.