चाळीस लिटरची सूट आणि मोडायला काढलेली ठेव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलोपार्जित दोन हेक्टर जमीन पाच वर्षं पड आहे, हरळी आणि लव्हाळ्याने भरली आहे. पुढच्या हंगामात तिथे फळझाडं लावायची आहेत. ग्लायफोसेट या तणनाशकाचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन आणि इंजिनवर चालणारा फवारणी पंप एकदम घेतला तर विक्रेता घसघशीत सूट देतोय. त्यासाठी अडीअडचणीला ठेवलेली मुदत ठेव मोडावी का?

ठेव मोडू नका. तणनाशक घ्या, पण लागेल तेवढंच.

तुम्ही पाठवलेल्या लेबलच्या फोटोत हेक्टरी 3 लिटर लिहिलंय. म्हणजे एका फवारणीला 6 लिटर. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत असतात, त्या एका झटक्यात संपत नाहीत. म्हणून दुसरी फवारणी धरू. झाले 12. उरलेले 28 लिटर घरात पडून राहणार, अंतिम तारखेकडे सरकत. ही कसली सूट? शिवाय पडून आहे म्हणून दरवर्षी तेच मारत राहाल. ग्लायफोसेट 1974 मध्ये बाजारात आलं आणि 1996 मध्ये ऑस्ट्रेलियात त्याला न जुमानणारं रायगवत सापडलं, ते अशाच वापरातून.

पंपाचं तर मला मुळीच पटलेलं नाही. जोरदार दाबाने बारीक तुषार उडतात आणि वाऱ्यावर शेजाऱ्याच्या पिकावर जातात. मग भरपाई तुम्ही देणार, आणि ती विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये नाही. तणनाशकाला कमी दाब आणि पंख्यासारखी सपाट फवारणी करणारं नोझल लागतं. पाठीवरचा साधा पंप भाड्याने घेतला तरी भागतं.

आता खरी बचत कुठे आहे ते सांगतो. पंपात नुसतं पाणी भरा, 100 चौरस मीटरवर नेहमीच्या चालीने फवारा आणि किती संपलं ते मोजा. समजा 5 लिटर संपलं. मग 15 लिटरच्या टाकीत 300 चौरस मीटर होतात आणि हेक्टरी 3 लिटरच्या हिशेबाने टाकीला 90 मिलि औषध. ‘दोन झाकणं टाका’ या मापात पैसे जातात किंवा तण जगतं. पाणी स्वच्छ हवं. गढूळ पाण्यातल्या मातीला ग्लायफोसेट चिकटतं आणि निकामी होतं. ते हिरव्या पानातूनच आत जातं, म्हणून फवारणीच्या तोंडावर गवत कापू नका. झाडं लावल्यावर मात्र त्यांची पानं आणि कोवळी साल जपा.

कुणी स्वस्त म्हणून 2,4-डी हे दुसरं तणनाशक सुचवलं तर नको म्हणा. ते रुंद पानांच्या तणांसाठी आहे, हरळीला त्याचं काही वाटत नाही. शेजारी कापूस, द्राक्षं किंवा टोमॅटो असतील तर त्यांना मात्र जबर फटका बसतो.

हातमोजे, गमबूट, चष्मा आणि कुलपाचं कपाट यात काटकसर नको. रिकामा डबा तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओता, मग डब्याला भोकं पाडा. तणनाशकाचा पंप कीटकनाशकाला वापरू नका. मी एकदा नीट न धुता वापरला होता. आठवड्याभरात स्वतःच्याच टोमॅटोची पानं चिंध्यांसारखी वळली.

पहिल्या फवारणीनंतर तीन-चार आठवड्यांनी किती हिरवं उरलंय ते बघा, मगच पुढचे 6 लिटर घ्या.